सपाराची फेड

यंदा वैशाखात मी टेंपोभर पाचट घेऊन माहेरी गेले. हे वाक्य वाचून सांगलीकडच्या माणसाला काही विशेष वाटणार नाही, पण डोंगरभर गवत असलेल्या जावळीतला माणूस पोट धरून हसेल. पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला. सासरच्या आमच्या रानात ऊस तुटून गेला की हा पाला गुडघाभर पडलेला असतो. कुणी जाळतं, कुणी कुजवतं, आणि गोठ्यावर नाहीतर पाण्याच्या मोटारीच्या खोपटावर टाकायला तोच कामाला येतो. आईचं छप्पर यंदा शाकारलेलं नाही असं कळलं तेव्हा मला वाटलं, एवढ्यासाठी कुणाच्या तोंडाकडं बघायचं? पाला तर आपल्या रानात पडलाय.

आई जावळीत, मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका लहान वाडीत राहते. घर गवताचं. वाडीत बाकी सगळीकडं पत्रे आले, काही घरांना स्लॅब पडला, आईचं तेवढं गवताचं राहिलं. भाऊ फौजेत आहे. तो दर सुट्टीला म्हणतो, ‘‘या टायमाला स्लॅब टाकूनच ड्यूटीवर जाणार,’’ आणि आई दर सुट्टीला म्हणते, ‘‘तू पेन्शनीत आलास की टाक. तवर मला ह्यातच निजू दे. पत्र्यावर पाऊस पडाय लागला की माजं मला आईकू येत न्हाई.’’ वाडीत घराच्या छपराला सपार म्हणतात. आईच्या तोंडी दुसरा शब्द नाही.

त्या सपाराची मला कधी लाज वाटली नाही. सासूबाई चारचौघींत विचारायच्या, ‘‘तुमच्या आईंचं अजून गवताचंच का गं?’’ मी म्हणायचे, ‘‘होय, आणि तुमच्या एसीपेक्षा गार असतं.’’ माझं तोंड हे असं आहे. नवरा म्हणतो, हिच्याशी बोलायचं तर आधी घोटभर पाणी पिऊन घ्यावं. मला मात्र वाटायचं, आपण माहेराची बाजू घेतली, आपलं काम झालं.

माहेरी माझी फेरी वर्षातून दोनदा. दिवाळीत एकदा, आणि आषाढात तळण घेऊन एकदा. कापण्या, कडाकण्या, शंकरपाळ्या, मोठा डबा भरून. आषाढात तिकडं पाऊस ओतत असतो आणि भाताची लावणी चाललेली असते. वाडीच्या खालून रस्ता जातो, रस्त्याला लागून खाचरं. डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी घेऊन बाया चिखलात वाकलेल्या असायच्या. सगळ्या ओळखीच्या, कुणी काकी, कुणी वहिनी, कुणी माझ्याबरोबर शाळेत गेलेली. मी काच खाली करून हात हलवायचे. त्या सगळ्या कंबर सरळ करून उभ्या राहायच्या आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहायच्या. नवी गाडी घेतली त्या वर्षी मी नवऱ्याला म्हणालेसुद्धा, ‘‘बघा कशा बघतात! माहेरची माणसं. लेकीचं बरं चाललेलं त्यांना बघवतं.’’ संध्याकाळच्या आत आम्ही परत निघायचो, कारण घाटात धुकं उतरतं.

आता शाकारणीचं सांगते. आमच्या वाडीत या कामाला मजूर लावत नसत. ज्याचं घर शाकारायचं त्यानं आदल्या दिवशी दारोदार जाऊन सांगायचं, ‘उद्या आमचं सपार हाय.’ उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगायचं. बसायचं नाही, चहा घ्यायचा नाही. बसलं की ती विनवणी झाली, आणि ही विनवणी नव्हती. दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरातून एक माणूस यायचा आणि येताना गवताचा एक भारा आणायचा. घरच्यांनी जेवू घालायचं. मग त्यांच्या शाकारणीला या घरचा माणूस भारा घेऊन जायचा. माणसाला माणूस आणि भाऱ्याला भारा. माझ्या लहानपणी सगळा वैशाख आमची वाडी कुणाच्या ना कुणाच्या घरावर चढलेली असायची.

पत्रे आले तसं एकेक घर यातून गळालं. आईचं एकटीचं राहिलं. म्हणजे सगळ्यांनी तिच्याकडं यायचं, आणि तिनं फेडायला कुठं जायचं? पत्र्यावर काय शाकारणार? मग तिनंच वाट काढली. आषाढात ती प्रत्येकाच्या खाचरात भात लावायला जाऊ लागली. तुम्ही माझ्या सपारावर आलात, मी तुमच्या लावणीला येते. कुणी बैठक घेऊन ठरवलं नाही, पण सगळ्यांना पटलं. हे मला माहीत होतं. पुढं आईचे गुडघे गेले, हेही माहीत होतं. गुडघ्याला लावायचं तेल मीच तर नेऊन देत होते.

यंदा फोनवर आई सहज म्हणाली, ‘‘औंदा सपाराचं सांगितलं न्हाई कुनाला.’’

‘‘का?’’

‘‘असंच. ऱ्हाऊ दे.’’

मला वाडीचा राग आला. म्हटलं, यांच्या घरावर पत्रे आले, आता म्हातारीच्या घरावर कोण चढतंय? आई बिचारी सांगायला गेली असेल आणि कुणीतरी नाक मुरडलं असेल. रागात माझे हात फार चालतात. शेजाऱ्यांचा टेंपो मागितला, रानातून पाचट भरायला लावली, वर जाळी आवळली आणि शेतावरचे दोन गडी बरोबर घेतले. हायवेवर सगळ्या रस्त्यानं पाला उडत होता. एक मोटारसायकलवाला शिव्या देऊन पुढं गेला. मी केबिनमध्ये बसून वाडीला काय काय सुनावायचं ते ठरवत होते.

टेंपो वाडीत चढला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आवाजानं माणसं बाहेर आली. गुरंही आली, आणि त्यांनी कुणाची वाट न बघता मागून पाला ओढायला सुरुवात केली. दारोदार, पत्र्याच्या वळचणीखाली, गवताचा एकेक भारा वेगळा उभा करून ठेवलेला मला दिसत होता. मी म्हटलं, गुरांसाठी असेल.

आई दाराच्या खांबाला धरून उभी होती. तिच्या मागं, आत, तिच्या अंथरुणाच्या वर, गळक्या जागी कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स ताणून बांधलेला होता. गॉगल घातलेला तो साहेब उलटा लटकून हार्दिक शुभेच्छा घेत होता. यंदाच्या वळवाच्या पहिल्या सरीला गळायला लागलं तेव्हा तिनं तो बांधून घेतला होता. मला ते बघून आणखीच चेव आला.

‘‘ह्ये काय आणलंस गं?’’ आई म्हणाली.

‘‘पाला. सपाराला. दोन गडी पण आणलेत. कुणाच्या पाया पडायची गरज नाही,’’ मी चांगलं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

आईनं आधी माणसांकडं बघितलं आणि मग टेंपोकडं. गडी जाळी सोडत होते, त्यांना ती म्हणाली, ‘‘उतरवू नगा रं अजून.’’

वरच्या घरातली थोरली काकी पुढं आली. ही नात्यानं आमची कुणी नाही, पण सगळी वाडी तिला काकीच म्हणते, आणि वाडीतल्या कामाचं पहिलं पाऊल तीच उचलते. तिनं एक मूठ पाचट उचलली, हातातल्या हातात फिरवली आणि एका म्हशीपुढं धरली. ‘‘आमी कार्तिकापास्नं भारे बांधून ठिवल्यात गं,’’ ती म्हणाली. ‘‘तुजी आय सांगंना, म्हणून वाट बगतुय. आन तू उसाचा पाला घिऊन आलीस व्हय?’’

आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. दारोदारचे ते भारे मला आता वेगळेच दिसायला लागले. मी घरात शिरले.

आई मागोमाग आली. कधी आवाज चढवत नाही ती. तेव्हाही चढवला नाही. ‘‘वाडीला काय सांगितलंस तू, कळतंय का? आमाला तुमची गरज न्हाई, असं सांगितलंस.’’

‘‘मग तू का सांगितलं नाहीस त्यांना? ते तर भारे बांधून बसलेत.’’

ती भिंतीला टेकून खाली बसली. बसतानाही गुडघा दोन्ही हातांनी धरून. ‘‘कुठल्या तोंडानं सांगू? गुडघं गेल्यापास्नं मी लावणीला गेले न्हाई. दर वैशाखात सपार सांगती आन म्हणती, आखाडात माजी लेक यील लावणीला. ते म्हणत्यात, बरं. येत्यात, सपार करून जात्यात. औंदा पुन्हा त्येच सांगायला माजी मलाच लाज वाटाय लागली.’’

‘‘मला का नाही सांगितलंस?’’

‘‘फोन करीत न्हवते व्हय? लावणी लागली बग, म्हणून?’’

करत होती. दर आषाढात फोन करून ती सांगायची, लावणी लागली बघ. आणि मी म्हणायचे, जप, पावसात बाहेर पडू नकोस, तेल लाव गुडघ्याला. मला वाटायचं, ती हवापाण्याचं बोलतेय.

‘‘सरळ ये म्हणायचं की गं.’’

‘‘लेकीला बंगल्यातनं चिखलात ये, कसं म्हणायचं? तुज्या सासूनं काय म्हणलं असतं, म्हायारी बिगारीला जाती?’’ मग म्हणाली, ‘‘आन तू येतच व्हतीस की. गाडीतनं.’’

तिनं ते टोचायला म्हटलं नव्हतं. माझी बाजू घेऊन म्हटलं होतं, जसं ती वाडीतही म्हणत असणार. मला तिथं, त्या फ्लेक्सखाली, इतकी लाज वाटली की मी उगाच उठून चुलीत लाकूड सारलं. ज्या वाडीवर मी वाटभर चिडत आले होते ती वाडी माझ्या नावावर, मी कधीही न दिलेल्या शब्दावर, वर्षानुवर्षं आईचं घर शाकारून देत होती. आणि मी त्यांना चार लोकांसमोर पाया पडायची गोष्ट सुनावली होती.

‘‘आता तूच जा सांगाय,’’ आई म्हणाली. ‘‘मला ती चढण चढवत न्हाई.’’

मी गेले. पहिल्याच घरी वहिनीनं आत ये म्हटलं आणि सवयीनं माझा एक पाय उंबऱ्याच्या आत गेलाही. मग आठवलं आणि तो मागं घेतला. ‘‘उद्या आमचं सपार हाय,’’ मी म्हणाले. लग्न होऊन गेल्यापासून ही भाषा माझ्या तोंडातून गेलेली होती, ती एकदम आली. वहिनी म्हणाली, ‘‘येतुया.’’ पुढच्या दारातही तेच. कुणी टेंपोचं नाव काढलं नाही, हसलं नाही. त्यांनी दोन शब्द बोलून घेतले असते तर मला दारातून हलणं सोपं गेलं असतं.

शेवटी काकीचं घर. ‘‘उद्या आमचं सपार हाय,’’ मी म्हणाले, आणि पुढं घाईनं म्हणून टाकलं, ‘‘आणि काकी, औंदा लावणीला मी येणार हाय.’’

काकी सुपात तांदूळ पाखडत होती. तिनं मान वर केली नाही. ‘‘बरं,’’ ती म्हणाली. दर वर्षी आईला म्हणत असेल अगदी तसंच, आणि पाखडत राहिली.

सकाळी सगळे आले, भारे डोक्यावर घेऊन. ज्या घरात म्हातारीच उरलीय तिनंही नातजावयाच्या डोक्यावर भारा देऊन पाठवला होता. घरावरचं जुनं कुजकं गवत ओढून काढलं तेव्हा आईचं घर वरून उघडं पडलं. धुरानं काळे झालेले वासे दिसले. खाली भर उन्हात तिची भांडी, गोधड्या, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, आणि कोपऱ्यात माझे तळणाचे डबे, एकावर एक घासून ठेवलेले. वरची माणसं सगळं बघत होती आणि न बघितल्यासारखं करून भारे झेलत होती. फ्लेक्स काढून खाली फेकला तेव्हा वरून कुणीतरी ओरडलं, ‘‘सायेब, उतरा आता, तुमची टर्म संपली!’’ सगळे हसले. मलाही हसू आलं आणि मग हसल्याचंही कसंतरी वाटलं. माझे दोन गडी आधी ओशाळून उभे होते. काकी त्यांना म्हणाली, ‘‘भारा न्हाई आणला तरी हात हायत न्हवं? चढा वर.’’ ते चढले.

पाचटीचं काय केलं? आईनं सगळ्यांना वाटून टाकली. भाताचं बी टाकायच्या आधी ती जागा पालापाचोळा पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात. वाडीनं सांगलीची पाचट आपापल्या राबात भाजली. मी म्हटलं, तेवढी तरी फेड झाली का गं? आई म्हणाली, ‘‘राब येगळा, लावणी येगळी. मानसाला मानूसच लागतुय.’’

आषाढात मी घरी सांगितलं की माहेरी राहायला जाते, लावणीला. सासूबाई म्हणाल्या, ‘‘लावणीला? तिकडं बाया मिळत नाहीत का?’’ मी म्हटलं, ‘‘मिळतात की. मीच त्यांतली एक.’’ एरवी असं उत्तर दिलं की मला आतून बरं वाटतं. या वेळी काही वाटलं नाही. तळणाचा डबाही नेला नाही. एसटीनं मेढ्याला उतरले आणि पावसातच वर चालत गेले.

चिखलात पाय घातला आणि कळलं की हे काम मी विसरले नव्हते, ते मला कधी येतच नव्हतं. लहानपणी मी बांधावरून रोपांच्या मुठी फेकायचं काम करायचे, वाकायचं काम आईचं. माझी रोपं तिरपी उभी राहायची, काही तरंगून वर यायची. शेजारच्या ओळीतली बाई हात लांब करून माझं तरंगतं रोप परत चिखलात दाबायची आणि पुढं सरकायची. दुपारपर्यंत कंबर हातात आली. रात्री आई माझ्याच कंबरेला ते गुडघ्याचं तेल लावायची. एका घरची लावणी झाली की मी पुढच्या घरी जायचे. शाकारणीला जो आला होता त्या प्रत्येकाचं खाचर. बोलणं फारसं व्हायचं नाही. मला वाटायला लागलं होतं, चला, फिटत आलं. जरा ताठ मानेनं मी दुपारच्या भाकरीला बसायला लागले होते.

शेवटी काकीचं खाचर राहिलं, रस्त्याला लागून असलेलं. पाऊस बारीक झाला होता. आम्ही सगळ्या एका रेषेत वाकून मागं मागं सरकत होतो. खालून एका गाडीचा आवाज आला. धबधबे बघायला निघालेली कुठलीतरी शहरातली माणसं असणार. गाडी जवळ आली, काच खाली झाली आणि एक हात बाहेर येऊन हलला. बांगड्या भरलेला, कोरडा हात.

सगळ्या बाया एकदम उभ्या राहिल्या. कंबर धरून, गाडीकडं तोंड करून. मीही उभी राहिले. त्यांच्या तोंडांवर कौतुक वगैरे काही नव्हतं. गाडीचा वेग कमी होतोय का, एवढंच त्या बघत होत्या. गाडी वळणाआड गेली.

‘‘वळखीची व्हती का काकी?’’ मी विचारलं.

‘‘न्हाई गं.’’ काकी ओशाळं हसली, जणू चूक तिचीच. ‘‘गाडी दिसली की उठून बगायची सवय लागलीया. तुजी आय म्हणायची, आज यील. मग लावणीत तुजी वळ मोकळी ठिवायचो आमी. सांज झाली की सगळ्या मिळून लावून टाकायचो.’’

एवढं बोलून ती वाकली. बाकीच्याही वाकल्या. माझ्यापुढं माझी ओळ अर्धी राहिली होती. मी रोपांची मूठ सोडली, वाकले, आणि अंधार पडून सगळ्या बांधावर चढेपर्यंत मान वर केली नाही.